डावीकडचे दार

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची कौले गेल्या वर्षी मे महिन्यात परतायला काढली, तेव्हा माळ्यावरून बाबांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. झाकण गंजाने घट्ट बसले होते. चमच्याच्या दांड्याने ते उचकटले आणि आतून शिरक्याचा आंबूस, नाकात झोंबणारा वास सुटला. एखादी जुनी बरणी फुटली असावी असे बाकीच्यांना वाटले. मला मात्र तो वास ओळखीचा होता आणि काळजात धस्स झाले. जुन्या निगेटिव्हची फिल्म ॲसिटेटची असते. उष्ण आणि दमट हवेत ती वर्षानुवर्षे राहिली की तिच्यातून शिरक्यात असते तेच आम्ल सुटू लागते, फिल्म आखडते, तिच्यावरचा थर सुरकुततो आणि एका पट्टीतून निघालेली वाफ शेजारच्या पट्टीलाही नासवत जाते. जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला आठ दिवसांत बुरशी धरते, त्या आमच्या गोव्यात ही फिल्म इतकी वर्षे माळ्यावर तग धरून होती. बाबांना जाऊन 16 वर्षे झाली होती.

डब्यात शाळेची स्नेहसंमेलने होती, दोन-चार लग्ने होती, शेजारच्यांच्या बारशाचे एक चित्र होते. त्यांच्यापासून वेगळे ठेवलेले एक खाकी पाकीट होते आणि त्यावर बाबांच्या शिक्षकी वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला होता: माटोळी. आत चौकोनी निगेटिव्हचे सुटे कापलेले 17 तुकडे होते, प्रत्येक वर्षाचा एक. पहिला 1974 चा, शेवटचा 1990 चा.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी माटोळीविषयी थोडे सांगायला हवे. चवथीला गणपतीच्या मूर्तीवर, छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली व पोरसातली, म्हणजे परसातली, फळे-फुले बांधतात. नारळ आणि सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, तोरिंग, चिबूड आणि आंबाडे असतात. शिवाय रानातून शोधून आणावी लागणारी कवंडाळे, कांगण्यो आणि हलवल्या की घुंगरांसारख्या खुळखुळणाऱ्या शेंगांच्या घागऱ्यो असतात. पावसात भिजलेले रान त्या दिवशी घरात येते. माटोळीत काय-काय बांधले आहे हे पाहायला लोक घरोघर जातात आणि यंदा अमुक वस्तू मिळाली नाही याची हळहळ दिवसभर बोलून दाखवली जाते.

मी ती 17 निगेटिव्ह रात्री जागून स्कॅन केली. बाबांचा कॅमेरा अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. हे कॅमेरे बडोद्यात तयार होत, आणि शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात एखादा कॅमेरा असलाच तर तो पुष्कळदा हाच असे. बाबांनीही तो एका सहकाऱ्याकडून जुनाच घेतला होता. त्यात एका रोलवर बारा चित्रे येत. उटीच्या सरकारी कारखान्यात बनणारी ‘इंदू’ फिल्म ते वापरत आणि बारा चित्रे जवळजवळ वर्षभर पुरवून खात. 1888 साली कोडॅकचा पहिला कॅमेरा आला तो 100 चित्रांची फिल्म आत भरूनच विकला जाई आणि फिल्म संपली की कॅमेऱ्यासकट कारखान्यात परत पाठवायची सोय होती, असे मी पुढे वाचले, तेव्हा मला बाबांची ती बारा आठवली. बारांतली अकरा लोकांसाठी असत. कोणाच्या मुलीचा दाखवायला द्यायचा फोटो, कोणाच्या म्हाताऱ्या वडिलांचा भिंतीवर लावायला हवा म्हणून वेळेत काढून ठेवलेला फोटो, शाळेचा गट. उरलेले एक माटोळीचे.

आणि तेच एक त्यांना नीट काढता येत नसे, असे मला त्या रात्री वाटले. 17 चित्रांत माटोळी उजवीकडे सरकलेली होती, इतकी की तिची उजवी कड चौकटीबाहेर गेली होती. गणपती मधोमध कधीच नव्हता. डावीकडचा तिसरा हिस्सा माजघराच्या अंधाऱ्या दाराने अडवलेला होता. मी 20 वर्षे फोटो काढते आहे. चौकट कशी भरावी, डोळा कुठे जावा, कुठले सामान आत घ्यावे आणि कुठले बाहेर ठेवावे हे इतरांना सांगतही असते. मी प्रेमानेच ते दार कापून टाकले. सगळी चित्रे सारखी छाटली, माटोळी मध्ये आणली, उजेड वाढवला, ओरखडे पुसले आणि फोंड्यातल्या स्टुडिओत त्यांच्या चांगल्या कागदावर प्रती काढून घेतल्या. काकांना द्यायच्या होत्या. त्यांच्याकडे जाईपर्यंत महिना गेला, आणि त्या महिन्यात जे बोलणे-ऐकणे झाले ते आधी सांगते.

आम्ही सहा-सात जण महिन्यातल्या एका रविवारी एकमेकांच्या घरी जमतो. कोणी बँकेत आहे, कोणी औषधांच्या दुकानात, कोणी निवृत्त. सगळे हौशी. हा शब्द आपण किती सहज वापरतो! गोव्यात तर हौशी नाटकमंडळींशिवाय जत्रा पार पडत नाही, म्हणून तो तोंडात बसलेला आहे. ‘हौस’ हा शब्द अरबीतल्या ‘हवस’वरून आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ तीव्र इच्छा, ओढ असा आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला पोर्तुगीज शिकावी लागली. त्या भाषेत हौशी माणसाला ‘अमादोर’ म्हणतात आणि प्रेम करणाऱ्यालाही तोच शब्द आहे. दोन्ही भाषांनी या माणसाला त्याच्या कौशल्यावरून ओळखलेले नाही, त्याला काय हवेसे वाटते त्यावरून ओळखले आहे. आम्ही मात्र अनेक वर्षे एकमेकांची चित्रे पाहताना कौशल्याचेच बोलत आलो: लेन्स कुठली, शटर किती, उजेड कुठून. चित्र काढणाऱ्याला काय हवे होते, हे विचारायचे आम्हाला एका वहिनींनी शिकवले.

या वहिनींची बहुतेक सगळी चित्रे एकाच फणसाच्या झाडाची असत. कधी त्याच्यावर खंड्या, कधी भारद्वाज, कधी नुसते पावसात निथळणारे खोड. दर महिन्याला तेच झाड येई आणि दर महिन्याला आम्ही तेच सांगत असू की जरा बाहेर पडा. रायबंदरहून फेरीबोट पकडली की पलीकडे चोडण. तिथे सलीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीत बगळे, खंड्ये, ढोकरी, सगळे मिळेल. त्या नुसत्या हसत. एकदा त्यांनी धनेशाचे चित्र आणले. फणसाच्या फांदीवर बसलेला, मान वळवलेला, चोच अगदी बाजूने दिसणारा धनेश. पण सगळ्या चित्रावर एक पांढरट धूसर पडदा होता. आमच्यातले एक जण म्हणाले, धुके आले नसते तर हे चित्र स्पर्धेत गेले असते. वहिनी म्हणाल्या, ते धुके नाही, पेजेची वाफ आहे.

मग त्यांनी सांगितले. त्यांच्या सासूबाई सहा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. कूस बदलावी लागे, भरवावे लागे, हाक मारली की दोन मिनिटांत जावे लागे. चोडणला जाऊन यायचे म्हणजे अर्धा दिवस, आणि त्यांना वीस मिनिटांच्या वर घर सोडता येत नव्हते. स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर पोरसातला तो फणस. कॅमेरा त्या मिठाच्या बरणीशेजारी ठेवत. त्या दिवशी सासूबाईंची पेज उकळत होती, झाकण काढले होते, काचेवर वाफ धरली होती, आणि धनेश आला. काच पुसायला गेल्या असत्या तर तो उडाला असता.

मी नंतर कितीतरी वेळा ते चित्र मागून घेऊन पाहिले. वाफेमुळे पक्ष्याची कड विरघळली आहे हे खरे, पण त्या वाफेत घर आहे, चूल आहे, आतल्या खोलीतून केव्हाही येऊ शकणारी हाक आहे. सासूबाई गेल्यावर वहिनी चोडणला गेल्या आणि फार देखणी चित्रे घेऊन आल्या. एकदाच. पुढच्या महिन्यात पुन्हा फणस.

दुसरे चित्र माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे. त्याचे मूळ गाव कुर्डी, सांगे तालुक्यातले, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांच्या आडनावातून महाराष्ट्रालाही ठाऊक असलेले. साळावली धरण झाले आणि 1980 च्या दशकात ते गाव पाण्याखाली गेले. माणसे वाडे आणि वालकिणी नावाच्या ठिकाणी हलवली गेली. दर मे महिन्यात पाणी ओसरते, तेव्हा घरांची जोती, वाटा, वठलेली खोडे आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते, आणि गावकरी उत्सवासाठी तिथे जमतात. अलीकडे त्या दिवसांत ड्रोन घेऊन आलेले लोकही पुष्कळ असतात. भेगाळलेल्या चिखलाची, वरून नकाशासारख्या दिसणाऱ्या जोत्यांची त्यांनी काढलेली चित्रे विलक्षण असतात, आणि त्यांना नावे ठेवावीत असे मला वाटत नाही.

हा सहकारी मात्र दर मे महिन्यात एकच चित्र काढतो, आणि त्यात काहीच नसते. उघडा उतार, दूर पाण्याची रेघ, एखादे खोड, वर पांढरे आकाश. मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, घराचे चित्र काढून काय करू, घर नाहीच आहे. मी घरात उभा राहून बाहेरचे काढतो. त्यांच्या जोत्यावर जिथे उंबरा होता ती जागा त्याच्या आईने त्याला दाखवली आहे. तिथे तो उभा राहतो, लग्न होऊन आलेल्या त्याच्या आईला रोज सकाळी दार उघडल्यावर जी दिशा दिसे त्या दिशेला कॅमेरा धरतो आणि आई बाजूला उभी राहून, अजून जरा खाली, देवळाकडे वळव, असे सांगते. बुडण्यापूर्वीच्या त्या घराचा त्यांच्याकडे एकच रंगीत फोटो आहे. त्या काळच्या रंगीत फोटोंतली निळसर छटा अंधारात ठेवले तरी आधी उडते आणि सगळे लालसर होत जाते, त्यामुळे त्या फोटोत त्यांच्या घरावर आता कायमचे संध्याकाळचे ऊन पडलेले आहे. आईला ते पटत नाही. घर पूर्वाभिमुख होते, असे ती दर वेळी सांगते.

ही चित्रे प्रदर्शनात लावली तर लोक त्यांच्यापुढून दोन सेकंदांत पुढे जातील. इथेच मी थोडी अडखळते, कारण माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. चित्र स्वतःच्या पायावर उभे राहायला हवे, त्याला गोष्टीची कुबडी लागू नये, असे मी शिकले आणि शिकवलेही. पण ज्यांनी ही कला घडवली, त्यांच्यातही कितीतरी जण आमच्यासारखेच होते. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या 1815 साली कोलकात्यात जन्मल्या. 1863 च्या डिसेंबरात, 48 व्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्यांच्या मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. पती सिलोनमधल्या मळ्यांवर गेलेले, मुले पांगलेली. एकटेपणात आईचा जीव रमावा, एवढाच हेतू होता. त्यांनी कोळशाच्या कोठीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या घराचा स्टुडिओ केला, आणि घरातल्या मोलकरणींना, शेजारच्या मुलांना, येणाऱ्या-जाणाऱ्या थोरामोठ्यांना समोर बसवून इतक्या जवळून चित्रे काढली, की त्या काळच्या जाणकारांनी त्यांच्या अस्पष्टपणावर आणि काचेवर राहिलेल्या डागांवर कडक टीका केली. आज ते चेहरे पाहताना मला त्यांच्यात एका रिकाम्या घरातल्या बाईची माणसांसाठीची भूक दिसते. कॅमेरा का दिला गेला हे मला माहीत नसते तर ती दिसली असती का, याचे उत्तर मी अजून शोधते आहे.

व्हिव्हियन मायर यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे आणि मला ती अधिक अस्वस्थ करते. त्या शिकागोत लोकांची मुले सांभाळण्याचे काम करीत आणि फावल्या वेळात रस्त्यांवर हिंडून चित्रे काढीत. 2007 साली गोदामाचे भाडे थकल्यामुळे त्यांचे सामान लिलावात गेले आणि त्यातून एक लाखाहून अधिक निगेटिव्ह बाहेर आली. कित्येक रोल तर त्यांनी धुवूनही घेतले नव्हते. त्यांचे नाव जगाला कळण्याआधीच, 2009 च्या एप्रिलमध्ये, त्या वारल्या. त्यांची चित्रे कोणाच्याही गोष्टीवाचून उभी राहतात, इतकी ती समर्थ आहेत. तरीही त्यातले एखादे चित्र पाहताना, दिवसभर दुसऱ्यांची मुले सांभाळून ही बाई इथे का थांबली असेल, हा प्रश्न मनात उठतो, आणि तो विचारायला आता कोणीच नाही. मला त्यांच्या घराच्या जवळपास राहायला हवे होते, असे कधीकधी उगीच वाटते.

एक छोटी आठवण इथेच सांगते. मिरामारच्या किनाऱ्यावर एका संध्याकाळी विदर्भातून आलेल्या एका आजीबाईंनी माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून मला थांबवले आणि आपला मोबाइल माझ्या हातात दिला. मी त्यांना पाण्याच्या कडेला उभे राहायला सांगितले, तर म्हणाल्या, मला नको घेऊ बाई, नुसता समुद्र घे, माझ्या बहिणीने पाहिला नाही, मी मध्ये आले तर तिला मीच दिसेन. मी नुसता समुद्र घेतला. गोव्यात दर संध्याकाळी समुद्राचे हजारो फोटो निघत असतील आणि त्यांचा मला पूर्वी कंटाळा येत असे. त्या दिवसानंतर तसा कंटाळा आलेला नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी काकांकडे गेले. काका बाबांचे धाकटे भाऊ, आता 81 वर्षांचे, मुलाकडे फोंड्याला राहतात. 1974 साली, चवथीच्या दोन महिने आधी, ते कुवेतला एका गॅरेजमध्ये कामाला गेले. त्याआधी माटोळीचे सगळे सामान रानातून आणायचे काम त्यांचे होते. कुठल्या वेलीला कधी फळ धरते हे त्यांना जितके ठाऊक होते तितके आमच्या वाड्यावर कोणाला नव्हते. म्हणून त्या वर्षीपासून बाबा त्यांना माटोळीचा फोटो पाठवू लागले. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकता येत नसे, त्यामुळे चवथीचा फोटो कुवेतला कधी दिवाळीनंतर पोहोचे, कधी शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, सुमारास. मागे बाबा यंदा काय मिळाले आणि काय मिळाले नाही ते लिहीत. आमच्या घरात सगळे कोंकणीत बोलत आणि लिहायचे झाले की मराठीत लिहीत. दोन भावांचा पत्रव्यवहारही शेवटपर्यंत मराठीत होता.

ते मागचे लिखाण आता नाही. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि काका तिथे अडकले. एक लाख सत्तर हजारांवर भारतीयांना त्या वेळी विमानांनी मायदेशी आणले गेले. काका त्यांतलेच एक. रस्त्याने इराक ओलांडून जॉर्डनमध्ये, अम्मानच्या विमानतळाबाहेर कित्येक दिवस काढून, ते सप्टेंबरच्या अखेरीला मुंबईत उतरले तेव्हा हातात एक पिशवी होती. खोलीतली ट्रंक तिथेच राहिली. त्या ट्रंकेत बाबांनी पाठवलेले सगळे फोटो होते. माझ्या लहानपणी घरात याविषयी कधी बोलणे झाल्याचे मला आठवत नाही. बहुधा जीव वाचलेल्या माणसाने फोटोंचे काय दुःख करायचे, असे सगळ्यांना वाटले असेल. बाबांकडे निगेटिव्ह होती, मग त्यांनी पुन्हा प्रती का काढून दिल्या नाहीत, हे मला कळत नाही. काकांनी मागितल्या नाहीत हे मात्र काकांनीच सांगितले.

मी छाटलेल्या, उजळलेल्या प्रती त्यांच्यापुढे पाटावर मांडल्या. चष्मा लावून त्यांनी एकेक उचलली आणि बोटाने फळे मोजू लागले. ही कांगण्यो देवळामागच्या रानातली. हा तोरिंग आपल्या विहिरीवरचा. या वर्षी घागऱ्यो नाहीत, पाऊस लवकर उघडला होता का, बाबा काय म्हणाले होते. 50 वर्षांपूर्वीच्या एका धूसर फळाकडे पाहून त्यांना वेल, पायवाट आणि ओढ्यातले पाणी आठवत होते, आणि मी मोबाइलवर त्यांचे बोलणे नोंदवून घेत होते. मग ते थांबले. पुन्हा पहिल्या प्रतीपासून सगळ्या पाहिल्या, काही शोधत असल्यासारख्या. म्हणाले, “बाय, फोटो बरे आले आहेत. पण दार कुठे गेले?”

मला कळले नाही. मी म्हटले, “कुठले दार, काका?”

“डावीकडे दार असायचे. दादा नेहमी दार घ्यायचा.”

मी लॅपटॉप उघडला आणि 1977 चे मूळ स्कॅन, न छाटलेले, पडद्यावर आणले. काका इतके पुढे वाकले की त्यांचा श्वास पडद्यावर उमटला. मग त्यांनी माजघराच्या अंधाऱ्या दाराच्या खालच्या कोपऱ्यावर, उंबऱ्याच्या किंचित वर, बोट टेकवले आणि म्हणाले, “हें पळय. आवयचें कापड.” हे बघ, आईचे लुगडे.

मी तो भाग मोठा केला. अंधारात, दाराच्या चौकटीला लागून, लुगड्याचा एक काठ होता. दोन बोटांएवढी फिकट पट्टी, तिची एक चुणी, आणि तिच्याखाली पायाचा अंगठा असावा असा एक उजळ ठिपका. आजोबा गेल्यानंतर आजीने फोटोसमोर यायचे सोडले होते. शुभकार्याच्या फोटोत आपण नको, असे ती म्हणे, आणि त्या काळी तिला कोणी आग्रहही केला नसता. तिचा एकही फोटो घरात नाही, ही आमच्या घरातली सर्वांना मान्य असलेली गोष्ट होती. पूजेच्या वेळी ती माजघराच्या दाराआड उभी राहून पाहत असे. बाबांनी माटोळी उजवीकडे ढकलली, तिची कड कापली, गणपती मधून हलवला, ते त्या दारासाठी. मी एकेक वर्ष उघडत गेले. 1975 मध्ये काठ होता आणि दाराच्या चौकटीवर टेकलेली तीन बोटे होती. 1978 मध्ये फक्त सावली. 1981 मध्ये काठ खूपच स्पष्ट, जणू ती अर्धे पाऊल पुढे आली होती. तिला माहीत होते का? काका म्हणाले, माहीत असणार, नाहीतर दर वर्षी त्याच जागी कशी उभी राहिली असती. बाबांनी पत्रात याचा कधी उल्लेख केला नाही. काकांनीही विचारले नाही. फोटो मिळाला की ते फक्त एवढेच कळवत: फोटो पोहोचला, सगळे दिसले.

मी त्या रात्री कापलेला तो तिसरा हिस्सा माझ्या डोळ्यांपुढून पुष्कळ दिवस हलला नाही. मूळ स्कॅन मी ठेवले होते, म्हणून काही हरवले नाही; पण काकांनी दार विचारले नसते तर मी छाटलेल्या प्रतीच घरातल्या सगळ्यांना वाटल्या असत्या आणि बाबांचे 17 वर्षांचे काम नीटनेटके करून संपवले असते.

आजी 1984 च्या माघात गेली. काकांना येता आले नाही. त्या वर्षीची चवथ साधीच झाली, पण माटोळी बांधली आणि बाबांनी फोटो काढला. माटोळी उजवीकडे, कड कापलेली. डावीकडे दार. पुढच्या प्रत्येक वर्षी तसेच. 1990 चेही तसेच आहे. त्या चवथीला काका कुठे आहेत याची घरात कोणालाही खबर नव्हती, कुवेतला टपाल जात नव्हते, आणि तरी बाबांनी त्याच जागी उभे राहून ते एक चित्र काढले आणि धुऊन कापून पाकिटात ठेवले.

दुसऱ्या आठवड्यात मी सगळ्या प्रती नव्याने काढल्या, न छाटता, ओरखडे तसेच ठेवून, आणि जाड पेन्सिल घेऊन काकांकडे गेले. शाई पुढे फुटते म्हणून पेन्सिल. त्यांनी सांगायचे आणि मी मागे लिहायचे असे ठरले. दुपारभर आम्ही लिहीत होतो. 1974: कवंडाळे दोनच, वरच्या वाड्यावरून मागून आणली. 1976: चिबूड मोठा, आपल्याच पोरसातला, आवयने लावलेला. 1979: घागऱ्यो खूप, धाकटी मुले त्या हलवून नाचत होती असे दादाने लिहिले होते. काही ठिकाणी बाबांचे शब्दच त्यांना आठवत, काही ठिकाणी नुसते फळ. जिथे आठवले नाही तिथे, आठवत नाही असे लिही, म्हणाले, आणि मी तसेच लिहिले.

1984 ची प्रत हातात आली तेव्हा त्यांनी ती बराच वेळ धरून ठेवली. म्हणाले, तार आधीच मिळाली होती, कामावर असतानाच. पण तारेवर विश्वास बसला नव्हता. हा फोटो शिगम्याच्या आसपास आला. मी विचारले, “मागे काय लिहिले होते बाबांनी?”

काकांनी प्रत उलटी करून पाटावर ठेवली, तिच्यावर हात ठेवला आणि पुढची मागितली. 1984 च्या प्रतीची पाठ कोरी आहे.